काळाचा बाण : एका रूपकाचे परीक्षण

१९५९ साली केंब्रिज विद्यापीठात दिलेल्या रीड व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी साहित्यिकांस एक टोचणारा प्रश्न विचारला होता. स्वतःस सुसंस्कृत म्हणविणाऱ्या आणि शास्त्रज्ञांच्या वाङ्मयीन अडाणीपणास हसणाऱ्या मंडळींपैकी किती जणांस ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगता येईल, हा तो प्रश्न. शेक्सपिअरचे एखादे नाटक वाचले आहे काय, असे विचारण्याइतकाच तो साधा आहे, असे स्नो यांचे म्हणणे होते. व्याख्यान गाजले. १९६२ साली एफ. आर. लीव्हिस यांनी त्यावर कडाडून हल्ला चढविला; आणि १९६३ साली स्वतः स्नो यांनीच, आपले उदाहरण नीट निवडले गेले नाही, त्याऐवजी रेण्वीय जीवशास्त्र घ्यावयास हवे होते, अशी कबुली दिली.

आमच्या मते ही कबुली अनावश्यक होती. स्नो यांचे पहिले उदाहरणच अधिक मार्मिक होते. निखारे विझतात, भिंती ढासळतात, गेलेला दिवस परत येत नाही, हा कवींचा फार जुना विषय आहे आणि दुसरा नियम त्याच विषयावर बोलतो. साहित्यिकास हा नियम ठाऊक नसतो ही खरी अडचण नव्हेच. तो आपणांस ठाऊक आहे असे त्यास वाटत असते, ही अडचण आहे. 'काळाचा बाण', 'विश्वाचा उष्णतामृत्यू', 'अव्यवस्था वाढतच जाणार' हे शब्दप्रयोग आज मराठी लेखांतून आणि व्याख्यानांतून सहज वावरतात. शिक्षकही ते वर्गात उच्चारतात. ते मूळ कोठे जन्मले, तेथे त्यांचा अर्थ काय होता आणि आपल्याकडे येईपर्यंत त्या अर्थाचे काय झाले, याची तपासणी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी करावयास हवी. कारण दोष विज्ञानाचा नसून शब्दांचा आहे.

प्रथम बाण घेऊ. ही प्रतिमा आर्थर एडिंग्टन यांची. १९१९ च्या सूर्यग्रहणात प्रिन्सिपे बेटावर जाऊन ताऱ्यांच्या प्रकाशाचे वाकणे मोजणारे ते हेच ज्योतिर्विद. १९२७ साली एडिंबरो येथे त्यांनी गिफर्ड व्याख्याने दिली आणि १९२८ साली ती 'द नेचर ऑफ द फिजिकल वर्ल्ड' या नावाने ग्रंथरूपाने निघाली. विज्ञानविषयक गद्याचा उत्तम नमुना म्हणून हा ग्रंथ आजही वाचावा. त्यातील अनेक शास्त्रीय तपशील मागे पडले, पण विनोदाने तोललेले ते प्रसन्न वाक्य मागे पडलेले नाही. या ग्रंथात एडिंग्टन वाचकास चतुर्मिती विश्वाचा एक नकाशा कल्पावयास सांगतात. त्या नकाशात काळ ही एक दिशा आहे. आता प्रश्न असा की, नकाशा हाती आल्यावर त्यातील भविष्य कोणत्या अंगास आणि भूत कोणत्या अंगास, हे कशावरून ओळखावे? गती, गुरुत्वाकर्षण आणि विद्युत् यांचे नियम दोन्ही दिशांनी सारखेच चालतात. त्यांच्यावरून उलगडा होत नाही. ज्या अंगास यदृच्छेचा अंश वाढत जातो ते भविष्याचे अंग, असे एडिंग्टन सांगतात, आणि तेथे ते बाण काढतात.

हा बाण धनुष्यातून सुटलेला नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. भूगोलाच्या नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखविणारा जो बाण असतो, त्या जातीचा तो आहे. नकाशातील तो बाण उत्तरेकडे धावत नाही. दोन दिशांपैकी उत्तर कोणती, एवढेच सांगतो. मराठीत मात्र 'काळाचा बाण' म्हणताच कानाशी प्रत्यंचेचा टणत्कार होतो. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही, ही आपली म्हण लगेच आठवते आणि लेखक काळाच्या अटळ, सुसाट गतीविषयी लिहू लागतो. काळ 'वाहतो' हा आपला अनुभव खराच आहे. पण एडिंग्टन यांचा बाण त्या वाहण्याविषयी काहीच सांगत नाही. काळाच्या दोन दिशा एकमेकींसारख्या नाहीत, एवढेच तो सांगतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सारे विवेचन भावुक होते. आमच्या वाचनात आलेल्या या विषयावरील मराठी लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेख येथेच घसरलेले आहेत.

खुद्द एडिंग्टन यांचे दुसरे उदाहरणही निर्दोष नाही. नव्या पत्त्यांचा जोड एकदा पिसला की मूळचा क्रम जातो आणि पुढे कितीही पिसले तरी तो परत येत नाही, हे ते उदाहरण. वाचकास ते तत्काळ पटते, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करावयास हवी. बावन पत्त्यांच्या मांडण्यांची संख्या आठावर सदुसष्ट शून्ये लिहावी इतकी मोठी आहे. त्यांपैकी एक्क्यापासून राजापर्यंतची मांडणी जितकी दुर्मिळ, तितकीच पिसल्यावर हाती आलेली कोणतीही विशिष्ट मांडणी दुर्मिळ. पहिलीस आपण 'क्रम' म्हणतो आणि दुसरीस 'गोंधळ' म्हणतो, तो भेद पत्त्यांत नसून खेळणाऱ्याच्या नियमांत आहे. निसर्गास आपले डाव ठाऊक नाहीत. मग दुसरा नियम कोणाच्या दृष्टीने क्रम आणि गोंधळ मोजतो?

याचे उत्तर एडिंग्टन यांच्या आधी पन्नास वर्षे देऊन झालेले होते. 'एन्ट्रॉपी' हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८६५ साली बनविला. 'पालट' या अर्थाचा ग्रीक शब्द घेऊन तो 'एनर्जी' या शब्दाशी मिळताजुळता दिसावा अशी त्यांनी बुद्ध्याच योजना केली होती. अव्यवस्था हा अर्थ त्यात नव्हता. व्हिएन्नाच्या लुडविग बोल्टझमान यांनी १८७७ साली त्यास मोजदादीचा आशय दिला. तो समजण्यास दहा नाणी पुरेत. दहा नाणी उडविली तर छाप-काट्याच्या एकूण १०२४ मांडण्या संभवतात. दहाही छाप पडण्याची मांडणी एकच. पाच छाप आणि पाच काटे पडण्याच्या मांडण्या २५२. दुरून पाहणाऱ्यास कोणते नाणे कसे पडले हे दिसत नाही, केवळ किती छाप आहेत हे दिसते, असे समजा. वरून दिसणाऱ्या एका स्थितीच्या पोटी आतल्या किती मांडण्या दडलेल्या आहेत, त्या संख्येचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. दहा नाण्यांच्या जागी पेलाभर पाण्यातील रेणू घेतले की या संख्यांतील तफावत कल्पनेपलीकडे जाते, आणि म्हणून नियम अढळ भासतो. बोल्टझमान १९०६ साली वारले. व्हिएन्नातील त्यांच्या समाधीवर 'एस बरोबर के लॉग डब्ल्यू' हे सूत्र कोरलेले आहे. त्यातील 'डब्ल्यू' म्हणजे ही मांडण्यांची संख्या.

आता 'अव्यवस्था' या शब्दाकडे वळू. वर्गात हा शब्द उच्चारला की विद्यार्थी हसून आपल्या दप्तराचे उदाहरण देतो, आणि शिक्षकही ते मान्य करून पुढे जातो. पेल्यातील हवेपुरता हा अर्थ एक वेळ खपून जातो. आकाशात तो सपशेल फसतो. अवकाशात सर्वत्र सारखा पसरलेला वायू आणि त्याचाच गोळा होऊन बनलेला तारा, यांपैकी अधिक व्यवस्थित कोण, असे विचारले तर कोणीही ताऱ्याकडे बोट दाखवील. मग पसरलेल्या वायूतून तारा बनतो तेव्हा अव्यवस्था कमी झाली म्हणावयाची काय? तसे होत नाही. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो, आकसताना तापतो आणि ती उष्णता प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. गोळा झालेला वायू आणि बाहेर गेलेला प्रकाश मिळून हिशेब केला तर एन्ट्रॉपी वाढलेलीच असते. या मार्गाचे शेवटचे टोक म्हणजे कृष्णविवर. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७२ ते १९७४ या काळात त्याच्या एन्ट्रॉपीचा हिशेब बसविला. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे जे कृष्णविवर आहे, त्या एकाचीच एन्ट्रॉपी दृश्य विश्वात पसरलेल्या सर्व पार्श्वप्रारणाच्या एन्ट्रॉपीच्या तोडीची भरते. बाहेरून पाहावे तर कृष्णविवराइतकी साधी, नीटनेटकी वस्तू विश्वात दुसरी नाही. त्यास अव्यवस्थेचा शिरोमणी म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टाच होय.

याहून मोठा पेच बोल्टझमान यांच्या हयातीतच पुढे आला होता, आणि आमच्या मते या सबंध विषयाचे मर्म त्यातच आहे. १८७६ साली त्यांचे स्नेही योहान लोश्मिट यांनी विचारले की, रेणूंच्या गतीचे नियम पुढेमागे सारखेच असताना त्यांतून एकाच दिशेने वाढणारी राशी निघेल कशी? ही शंका नीट पाहावी. संख्येने जास्त असलेल्या मांडण्यांकडे वस्तू जाते, म्हणून उद्याची एन्ट्रॉपी आजच्याहून जास्त असेल, हे ठीक आहे. परंतु हेच तर्कशास्त्र उलटे लावले तर कालचीही एन्ट्रॉपी आजच्याहून जास्त असावयास हवी! केवळ मोजदाद भूत आणि भविष्य यांत भेद करीत नाही. काल ती कमी होती, परवा त्याहून कमी होती, हे आपणांस मोजदादीने कळत नाही. ते वेगळे मानावे लागते. बोल्टझमान यांनी पुढे एक धाडसी कल्पना मांडली. सबंध विश्व समतोलात आहे. क्वचित एखाद्या कोपऱ्यात योगायोगाने तोल ढळतो. आपण अशाच एका कोपऱ्यात आहोत. आणि पृथ्वीवर ज्याप्रमाणे जमिनीकडची दिशा ती 'खाली' ठरते, त्याप्रमाणे त्या कोपऱ्यातील जीव कमी एन्ट्रॉपीकडील अंगास 'भूत' म्हणतात. कल्पना सुंदर आहे, पण टिकणारी नाही. कारण आपल्या अस्तित्वास लहानसा कोपरा पुरला असता, एवढे अफाट तारामंडल योगायोगाने जुळण्याचे कारण नव्हते.

येथवर विश्व प्रसरण पावते हे कोणास ठाऊक नव्हते. फ्रीडमान यांचे गणित १९२२ चे, लमेत्र यांचा निबंध १९२७ चा, हबल यांची निरीक्षणे १९२९ ची. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत हे प्रस्थापित झाल्यावर अनेकांस वाटले की, काळाच्या दिशेचे रहस्य उलगडले. विश्व फुगते आहे ती दिशा म्हणजे भविष्य, आणि फुगण्यामुळेच एन्ट्रॉपी वाढते. टॉमस गोल्ड यांनी १९५८ पासून हे मत हिरिरीने मांडले. हॉकिंग यांनी तर १९८५ साली असे प्रतिपादले की, विश्व पुढे आकुंचन पावू लागले तर काळाची दिशाही उलटेल. त्याच सुमारास डॉन पेज यांनी आणि हॉकिंग यांचेच विद्यार्थी रेमंड लाफ्लाम यांनी त्यातील त्रुटी दाखविली, आणि १९८८ च्या आपल्या लोकप्रिय ग्रंथात हॉकिंग यांनी माघार जाहीर केली. ही माघार मराठी लेखांपर्यंत फारशी पोहोचलेली दिसत नाही. 'विश्व फुगते म्हणून काळ पुढे जातो' हे वाक्य अजून ठिकठिकाणी भेटते. वस्तुतः प्रसरणाने आपोआप एन्ट्रॉपी वाढत नाही. सर्वत्र सारखे पसरलेले प्रारण अवकाशाबरोबर ताणले जाते, थंड होते, पण त्यातील प्रकाशकण तेवढेच राहतात आणि त्याची एकूण एन्ट्रॉपीही तेवढीच राहते.

मग प्रसरणाचे काही कामच नाही काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. पहिल्या काही मिनिटांत विश्व इतक्या वेगाने फुगत आणि निवत होते की, अणुगर्भांच्या क्रिया अर्ध्यावरच थांबल्या. वस्तुमानाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम झाला आणि बाकीचा जवळजवळ सारा हायड्रोजन तसाच उरला. क्रियांस पुरेसा अवधी मिळता तर सर्व पदार्थ लोखंडासारख्या निष्क्रिय मूलद्रव्यांपर्यंत पोहोचून बसला असता. तो उरलेला हायड्रोजन आज सूर्यात जळतो आहे. दुसरे असे की, आकाश थंड आणि काळे आहे म्हणूनच सूर्याच्या प्रकाशास जावयास जागा आहे. प्रसरणाने अशी मोकळीक निर्माण केली. ते अंगण आहे. दिशा ठरविणारा तो नव्हे.

दिशा ठरली ती आरंभीच्या स्थितीने. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी जाहीर केलेले पार्श्वप्रारण आपणांस विश्वाचे सुमारे ३,८०,००० वर्षांचे वय असतानाचे चित्र दाखविते. आज त्याचे तापमान २.७ केल्विन आहे. १९९२ साली 'कोबे' उपग्रहाच्या मोजमापांत त्यात एक लक्षांश इतकेच कमीअधिक आढळले. म्हणजे तेव्हाचे विश्व जवळजवळ सपाट, एकसारखे, उष्णतेच्या दृष्टीने पूर्ण समतोलात होते. वाचकांस येथे शंका यावयास हवी. समतोल म्हणजे तर जास्तीत जास्त एन्ट्रॉपी. मग त्यानंतर १,३८० कोटी वर्षे ती वाढत कशी आली? उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. उष्णतेचा समतोल झालेला होता, पण गुरुत्वाकर्षणाचे खाते अगदी कोरे होते. पदार्थ गोळा होऊ शकत असताना गोळा झालेला नव्हता. रॉजर पेनरोज यांनी १९७९ पासून यावर सातत्याने बोट ठेवले. अशी सपाट सुरुवात योगायोगाने होण्याचा संभव किती, याचा त्यांनी काढलेला अंदाज असा की, एकावर शून्ये लिहावी, आणि ती शून्ये किती, तर दहाचा १२३ वा घात इतकी. त्या संख्येत एक. या आरंभाचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही नाही.

हे सर्व ध्यानात घेऊन साहित्याकडे वळले की एक विचित्र गोष्ट नजरेस येते. विज्ञानाचे कोडे आरंभाचे आहे. साहित्याने मात्र शोक केला तो शेवटाचा. केल्विन यांनी १८५२ साली ऊर्जेच्या अपव्ययाचे तत्त्व मांडले, १८५४ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी त्यावरून विश्वाच्या अंतिम निश्चलतेचे चित्र रंगविले, आणि पुढील पन्नास वर्षे युरोपीय मनावर त्याची छाया पडली. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' या १८९५ च्या कादंबरीतील शेवटचा समुद्रकिनारा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल: मंद तांबडा सूर्य, खेकड्यांसारखे महाकाय जीव, वाढता गारठा. प्रवासी तेथे पोहोचतो तो तीन कोटी वर्षांनंतर. हा आकडा त्या काळच्या समजुतीशी सुसंगत होता. सूर्याचे आयुष्य काही कोटी वर्षांचेच, असे केल्विन यांचे गणित होते, कारण अणुगर्भातील ऊर्जा तेव्हा अज्ञात होती. आज आपण जाणतो की सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे तो जळेल, आणि पृथ्वीवरील जीवनावर संकट येईल ते गारठ्याचे नव्हे, तर वाढत्या उष्णतेचे. शास्त्र खोटे ठरले तरी तो किनारा वाचकाच्या मनातून जात नाही. याचे श्रेय वेल्स यांच्या संयमास द्यावे लागेल. प्रवासी तेथे तत्त्वज्ञान सांगत नाही, केवळ पाहतो. याउलट बर्ट्रांड रसेल यांनी १९०३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच शेवटाच्या पायावर निराशेची एक भव्य इमारत उभारली. वक्तृत्व उत्तम आहे. पण नवे तारे जन्मण्याचे थांबून शेवटचे तारेही विझण्यास एकावर चौदा शून्ये लिहावी इतकी वर्षे आहेत. तेवढ्या दूरच्या अंधाराने आजच्या दिव्यावर सावली कशी पडते, हे रसेल यांच्यासारख्या तर्कनिष्ठाने सांगावयास हवे होते.

ही गोष्ट केवळ वाङ्मयचर्चेची नाही. 'शेवटी सगळे थंडच व्हावयाचे, मग कशासाठी काय करावयाचे', असे अकरावीतील मुले विचारतात, आणि कित्येकदा गंभीरपणे विचारतात. शिक्षकाने उष्णतामृत्यूचा पाठ दिलेला असतो. पण त्याच नियमावर आपले जगणे उभे आहे, हा पाठ दिलेला नसतो. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की सूर्य आपणांस ऊर्जा देतो. हे अर्धेच खरे आहे. पृथ्वी जेवढी ऊर्जा घेते जवळजवळ तेवढीच अवकाशात परत टाकते. तसे नसते तर ती तापतच गेली असती. भेद आहे तो रूपात. सुमारे ५,८०० केल्विन तापमानाच्या सूर्याकडून एक प्रकाशकण येतो, त्याच्या बदल्यात उणे १८ अंशांच्या आसपास प्रारण टाकणारी पृथ्वी सुमारे वीस दुबळे अवरक्त कण सोडते. या एकास वीसच्या व्यवहारातील एन्ट्रॉपीच्या फरकावर गवत वाढते, ज्वारीचे कणीस भरते आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा मेंदू चालतो. श्रोडिंगर यांनी १९४३ च्या डब्लिन येथील व्याख्यानांत जीवनाकडे याच दृष्टीने पाहिले होते. दुसरा नियम हा विनाशाचा नियम म्हणून शिकविणे म्हणजे उतार हा केवळ पडण्यासाठी असतो, त्यावर गिरणीचे चाक फिरत नाही, असे सांगण्यासारखे आहे.

साहित्यकृतींत या विषयास सर्वांत चांगला न्याय मिळाला तो आमच्या मते टॉम स्टॉपार्ड यांच्या 'आर्केडिया' या १९९३ च्या नाटकात. तेरा वर्षांची टॉमसिना तांदळाच्या खिरीत मुरंबा ढवळते. लाल रेषा फिरत फिरत पसरते, पण उलटे ढवळले तरी मुरंबा परत गोळा होत नाही, हे तिला दिसते, आणि न्यूटनच्या समीकरणांस मागेपुढे सारखेच असते हेही तिला कळते. विश्वाचा पसारा न दाखविता वाटीभर खिरीत लोश्मिट यांची सबंध शंका आलेली आहे. नाटकाचा खरा पराक्रम मात्र रंगमंचावरील टेबलाचा आहे. १८०९ सालचे आणि आजचे असे दोन काळ एकाच खोलीत आळीपाळीने घडतात, आणि एका काळातील वस्तू दुसऱ्या काळाच्या प्रवेशातही टेबलावरून उचलल्या जात नाहीत. प्रयोग पुढे सरकतो तसे टेबल भरत जाते. प्रेक्षकास काळाची दिशा कोणी सांगत नाही. ती त्यास टेबलावर दिसते. आपल्या नाटककारांनी या योजनेचा अभ्यास करावा.

मराठीपुरते बोलावयाचे तर या विषयाशी आपला संबंध परका नाही. कोल्हापूरला जन्मलेले, बनारसमध्ये वाढलेले आणि २०२५ साली पुण्यास दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांचे आरंभीचे संशोधन नेमके काळाची दिशा आणि विश्वाचे प्रसरण यांच्या सांध्यावरचे होते. तळ्यात दगड टाकला की लाटा बाहेर पसरतात. काठाकडून आत येऊन दगड वर उडविणाऱ्या लाटा कोणी पाहिलेल्या नाहीत. प्रकाशाचेही तसेच आहे, परंतु मॅक्सवेल यांची समीकरणे दोन्ही प्रकारांस सारखीच मुभा देतात. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ साली असे सुचविले की, बाहेर जाणारा सर्व प्रकाश भविष्यात कोठेतरी शोषला जात असेल तर आत येणाऱ्या लाटा आपोआप रद्द होतात. हॉगार्थ यांनी १९६२ साली, आणि पाठोपाठ हॉइल व नारळीकर यांनी, प्रसरणशील विश्वात हे शोषण पुरे पडते काय, याचा हिशेब केला. निष्कर्ष असा निघाला की हॉइल यांच्या स्थिर-स्थिती विश्वात ते पुरे पडते, महास्फोटाने सुरू होऊन सतत फुगणाऱ्या विश्वात पडत नाही. स्थिर-स्थिती सिद्धान्त पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञांनी सोडला, नारळीकरांनी मात्र त्याच्या सुधारित रूपाचा कैवार अखेरपर्यंत घेतला. त्यांच्या बाजूने निकाल लागला असे म्हणता येणार नाही. परंतु काळाची दिशा ही गृहीत न धरता सिद्ध करावयाची गोष्ट आहे, हे त्यांनी ज्या काटेकोरपणे मानले, त्याचे मोल सिद्धान्ताच्या जयपराजयावर अवलंबून नाही.

हेच नारळीकर १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठवितात, तिला पहिले पारितोषिक मिळते, आणि आधुनिक मराठी विज्ञानकथेस त्यांच्या लेखनाने प्रतिष्ठा येते. त्यांच्यानंतर आलेल्या ज्या कथा आम्ही वाचल्या त्यांत काळ मंदावतो, ताणला जातो, प्रवासी तरुण राहून परततो. काळाचा वेग हा विषय मराठी कथेने आपलासा केला. काळाची दिशा हा विषय, जो त्यांच्या स्वतःच्या संशोधनाच्या अंतरंगात होता, तो मात्र अद्याप लेखकाची वाट पाहत आहे.

आणखी एका प्रवृत्तीचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर नाही. विश्वोत्पत्तीचा विषय निघाला की आपल्याकडे कालचक्र, कल्प आणि प्रलय यांचे दाखले देण्याची रीत आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, हे ऐकताच श्रोते माना डोलावतात. आपल्या पूर्वजांनी इतक्या मोठ्या काळाची कल्पना न घाबरता केली, याचा अभिमान अवश्य वाटावा. परंतु चक्राची कल्पना आणि दुसरा नियम यांत जुळणी नाही, विरोध आहे. चक्र फिरून मूळ जागी यावयाचे तर वाढलेली एन्ट्रॉपी कोठेतरी नाहीशी व्हावयास हवी, आणि चक्राकार विश्वाच्या प्रत्येक आधुनिक सिद्धान्तास हीच अडचण सर्वप्रथम सोडवावी लागते. पेनरोज यांनी २०१० साली मांडलेल्या युगचक्रांच्या कल्पनेचा बराचसा भाग या अडचणीशीच झुंजण्यात गेलेला आहे. पुराणांस ही झुंज करावी लागली नाही, कारण त्यांचा प्रश्न निराळा होता. दोन्हींस एका गाडीला जुंपल्याने दोघांचाही अवमान होतो.

विश्वाच्या पुढील वाटचालीविषयी तर आज अधिकच सावधपणे लिहावयास हवे. प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे १९९८ साली दोन संशोधकगटांनी दाखविले आणि त्याबद्दल २०११ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्यामागील कृष्ण ऊर्जा सदैव एकसारखी राहत नसावी, अशा खुणा २०२४ आणि २०२५ मध्ये दीर्घिकांच्या मोठ्या मोजणीतून पुढे आल्या आहेत. त्या पक्क्या झालेल्या नाहीत. अशा वेळी 'विश्वाचा मृत्यू' असा शब्द वापरणे हे लेखकाचे अधीरपण होय.

परिभाषेच्या बाबतीत आमची सूचना अशी. 'एन्ट्रॉपी' हा शब्द मराठीत जसाच्या तसा ठेवावा. 'ऑक्सिजन' ठेवला तसा. त्याचा अर्थ सांगताना 'अव्यवस्था' न म्हणता 'मांडण्यांचे माप' म्हणावे आणि वर्गात दहा नाणी न्यावी. 'काळाचा बाण' रूढ झालाच आहे तर तो काढून टाकण्याचा अट्टाहास नको, परंतु प्रथम उल्लेखाच्या वेळी तो नकाशातील दिशादर्शक बाण आहे, हे एका वाक्यात सांगावे. आणि ज्या पाठात विश्वाचा शेवट येतो, त्याच पाठात, त्याच्या आधी, आरंभीच्या त्या सपाट, कोऱ्या विश्वाविषयी निदान एक पान असावे.